पोटातली मानस

रुझार म्हणाला, जेवून उलटं लटकलं
की पेज नाकातून परत येते.
वर सायबिणीची शपथही घातली.
मी काही चिंचेला लटकले नाही,
पण दुपारभर त्या विचाराला लटकून राहिले.

संध्याकाळी बाबा मानशीवर होते.
तुम्ही चोडणचे नसाल तर सांगते,
मानस म्हणजे खाजनाच्या बांधातलं लाकडी दार.
भरतीला नदी ढकलते, दार मिटतं,
खारं पाणी शेतात शिरत नाही.
ओहोटीला शेताचं पाणी ढकलतं, दार उघडतं.
कडी नाही, कुलूप नाही,
कधी काय करायचं ते पाणीच सांगतं.

मी विचारलं. बाबा हसले नाहीत.
ते प्रश्नाला कधीच हसत नाहीत.
"बाय, सकाळची पेज आठव.
नुसती शितं तोंडात घे आणि चाव, चाव, चावत राहा.
काय होतं?"
"गोड लागतात."
"साखर कुणी घातली?"
कुणीच नाही!
"लाळेनं. शितातल्या पिठाची ती साखर करते,
तू गिळायच्याही आधी."

घशाशी दोन वाटा, एक वाऱ्याची, एक घासाची.
वाऱ्याच्या वाटेवर इवलंसं झाकण,
गिळताना टपकन मिटतं.
जेवताना बडबड केली की ते गोंधळतं,
परवा सुंगटांच्या हुमणाचा ठसका लागला, तो असा.

"मग घास धपकन पोटात पडतो?"
बाबांनी शर्टाच्या बाहीत एक बिंबल घातलं
आणि मागून मूठ आवळत, आवळत
पार मनगटापर्यंत आणून बाहेर काढलं.
"पडत नाही, असा ढकलला जातो.
तू उलटी असलीस तरी नळी ढकलतेच.
रुझारला सांग, सायबिणीची माफी माग म्हणावं."

खाली पिशवी. जठर.
अंधार, ऊब, आणि रस असा आंबट
की आमसोलानं लाजावं.
तीन तास, चार तास ती घुसळते, घुसळते,
पेज, नुस्तं, पाव, सगळ्याचं एकच पिठलं.
तिच्या भिंतीला बुळबुळीत लेप असतो,
नाहीतर तिनं स्वतःलाच पचवलं असतं!

तिला दोन मानशी.
वरची घास आला की उघडते, लगेच मिटते.
कधी चुकली, तर आंबट ढेकर.
खालची महाचिंगूस,
एका वेळी जेमतेम चमचाभर सोडते.

मग लहान आतडं. नाव लहान,
पण सरळ केलं तर साडेतीन बाबा
एकावर एक उभे करावे लागतील.
तिथे यकृताचा हिरवा-पिवळा रस येतो,
खोबरेल तेलाचे थेंब फोडतो.
स्वादुपिंडाचाही येतो.
(हे नाव मी तीनदा म्हटलं. मिठाईसारखं आहे.)
आतल्या भिंतींवर लाखो बारीक बोटं,
शेवाळासारखी डुलणारी.
ती पेजेतलं चांगलं तेवढं शोषतात
आणि रक्ताच्या हवाली करतात.
त्यापुढे पेज पेज राहत नाही.
तिचा कान होतो, गुडघ्यावरची नवी कातडी होते,
फेरीबोटीवर मारलेली उडी होते.

"म्हणजे माझ्या नखात सुंगट आहे?"
"थोडं," बाबा म्हणाले.

उरलेलं मोठ्या आतड्यात.
तिथे पाणी परत घेतलं जातं,
आणि डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी जीव
आपल्या उष्ट्यावर जेवतात.
"आणि त्यातूनही उरलं ते?"
"ओहोटी."
मी फिसकन हसले.
"हसू नको. पाणी अडून राहिलं तर भात कुजतो.
गेलेलं बरं."

नदी काळी होत चालली. पाणी उलटलं.
कुणी हात न लावता दार करकरलं
आणि जरासं उघडलं.
तेवढ्यात गुर्रर्र!
"मानस?" मी विचारलं.
"नाही गं," बाबा पोट चोळत म्हणाले,
"हा मी. दुपारी जेवायचं राहिलं.
चल घरी.
आणि आज तरी चावून खा."